वाचकांचे प्रश्न : बोर्डावरील मेमरीची कर्नलमधील नोंद

प्रश्न : आमच्या महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत बीगलबोन ब्लॅक या छोट्या संगणक-बोर्डावर आधारित एक बोर्ड तयार केला असून त्याचे वर्णन लिनक्स कर्नलमध्ये (लिनक्स कार्यप्रणालीच्या गाभ्यात) समाविष्ट व्हावे, अशी आमची इच्छा आहे. बोर्डावर ५१२ एमबी मेमरी आहे. ‘फ्री’ ही आज्ञा दिल्यावर मात्र सुमारे ४९० एमबीच दिसते. शिवाय संवेदकांकडून येणारी माहिती साठवण्यासाठी प्रोसेसरमधील पीआरयू या छोट्या उपप्रोसेसरांना आम्ही १६ एमबी जागा वेगळी ठेवू इच्छितो. डिव्हाइस ट्रीमध्ये (बोर्डावर कोणते हार्डवेअर आहे हे कर्नलला सांगणाऱ्या वर्णनात) ५१२ लिहावे, ४९० लिहावे, की १६ वजा करून ४९६ लिहावे?

– एक वाचक, सांगली

उत्तर : आपण ५१२ एमबीच लिहावे. तिन्ही आकडे आपापल्या जागी खरे असले तरी ते तीन वेगळ्या गोष्टी सांगतात, आणि मेमरीच्या नोडमध्ये, म्हणजे डिव्हाइस ट्रीतील मेमरीच्या नोंदीत, बोर्डावर प्रत्यक्ष बसवलेल्या मेमरीचा पत्ता आणि आकार एवढेच येते. ‘फ्री’ दाखवते तो आकडा कर्नलने स्वतःच्या कोडसाठी आणि सुरुवातीलाच राखून ठेवलेल्या काही भागांसाठी जागा घेतल्यानंतर उरलेल्या मेमरीचा असतो. कर्नलची आवृत्ती किंवा तिची बांधणी बदलली की तोही बदलतो, म्हणून हार्डवेअरच्या नोंदीत त्याला स्थान नाही.

आपल्या बोर्डाचे मूळ घराणे याबाबतीत उत्तम उदाहरण आहे. २०११ साली आलेल्या पहिल्या बीगलबोनवर २५६ एमबी मेमरी होती, २०१३ च्या बीगलबोन ब्लॅकवर ५१२ एमबी आली. दोन्ही बोर्डांतील प्रोसेसर एकाच मालिकेतले असल्याने मेमरी दोन्हींत षोडशमान (१६ अंकचिन्हांच्या) पद्धतीतील ८००००००० या पत्त्यापासून सुरू होते. या बोर्डांच्या डिव्हाइस ट्रीच्या सामाईक फाइलमधील नोडात आकार १००००००० आहे, तर ब्लॅकच्या स्वतंत्र फाइलमध्ये तोच नोड पुन्हा लिहून आकार २००००००० केला आहे. हेही षोडशमान आकडे असून दुसरा दशमान पद्धतीत ५३,६८,७०,९१२ बाइट इतका होतो. म्हणजे इथे एमबी १०२४ च्या पटीतला आहे, आणि ५१,२०,००,००० असा सरळ आकडा षोडशमानात बदलून लिहिणे चूक ठरेल. आपल्या फाइलमध्ये सामाईक फाइल समाविष्ट करत असाल, तर मेमरीचा नोड स्वतंत्रपणे लिहायला विसरू नका. अन्यथा २५६ एमबीचे जुने वर्णन नकळत आपल्या बोर्डाला चिकटेल.

ही चूक बरेच दिवस लपून राहते, आणि म्हणूनच मी तिच्यावर जोर देत आहे. यू-बूट हा बूटलोडर (कर्नलला सुरू करून देणारा प्रोग्रॅम) सुरू होताना मेमरी किती आहे हे स्वतः ठरवतो आणि कर्नलकडे डिव्हाइस ट्री सोपवण्यापूर्वी मेमरीच्या नोडातील आकार बहुधा दुरुस्त करतो. त्यामुळे फाइलमध्ये २५६ असले तरी चालू यंत्रावर ५१२ दिसते आणि कोणाला शंकाही येत नाही. दुसऱ्या एखाद्या बूटलोडरने तीच फाइल जशीच्या तशी दिली की अर्धी मेमरी गायब होते. आपण पडताळणी करताना दोन्ही ठिकाणी पाहावे : मूळ फाइलमध्ये, आणि चालू यंत्रावर प्रॉक-डिव्हाइस-ट्रीखालील मेमरीच्या नोडात. प्रॉक-आयओमेम या पत्त्यांच्या यादीत ‘सिस्टम रॅम’ची ओळ ८००००००० ते ९एफएफएफएफएफएफएफ अशी दिसली पाहिजे, मात्र ती रूट (सर्वाधिकार असलेला वापरकर्ता) म्हणून वाचावी, कारण सामान्य वापरकर्त्याला तिथे पत्त्यांच्या जागी शून्ये दिसतात.

याच कारणाने ४९६ चा मार्ग धोक्याचा आहे. आकार कमी लिहून आपण १६ एमबी लपवाल, यू-बूट तो पुन्हा ५१२ करेल, आणि पीआरयू जिथे लिहीत असेल तीच जागा कर्नल एखाद्या प्रक्रियेला देऊन टाकेल. असा दोष कधी दिसतो, कधी दिसत नाही, आणि तो शोधण्यात आठवडे जातात. या कामासाठी राखीव मेमरीचा वेगळा नोड असतो. त्यात आरंभाचा पत्ता आणि आकार लिहावा, म्हणजे ती जागा कर्नल इतर कोणाला देत नाही. तिला ‘नो-मॅप’ हा गुणधर्मही जोडला, तर कर्नल आपल्या नेहमीच्या नकाशातही ती घेत नाही. शेवटचे १६ एमबी हवे असतील तर पत्ता ९एफ०००००० येईल. पण सुरू होताना यू-बूट स्वतःच मेमरीच्या वरच्या टोकाला जाऊन बसतो, तेव्हा यंत्र पुन्हा सुरू केल्यावर तिथली जुनी माहिती टिकेल अशी अपेक्षा ठेवू नका.

मेमरीच्या नोडासाठी नवी बाइंडिंग (नोड कसा लिहावा याची नियमावली) लिहिण्याची गरज नाही, कारण त्याचे स्वरूप आधीच ठरलेले आहे. आपल्या बोर्डाचे ‘कंपॅटिबल’ नाव, म्हणजे कर्नल ज्यावरून बोर्ड ओळखतो ते नाव, मात्र बाइंडिंगच्या संबंधित यामल फाइलमधील यादीत वेगळ्या पॅचने (कोडमधील बदलाच्या प्रस्तावाने) घालावे लागेल. त्या बदलासाठी ‘डीटी-बाइंडिंग-चेक’ आणि बोर्डाच्या फाइलसाठी ‘डीटीबीएस-चेक’ या तपासण्या चालवूनच पॅच पाठवावेत. हे वर्णन फक्त लिनक्ससाठी नसते. यू-बूट आणि फ्रीबीएसडीही तेच वापरतात, आणि आज लिहिलेली फाइल उद्याच्या कर्नललाही वाचता आली पाहिजे. फाइलमधील टिप्पणीत ‘५१२ एमबी’ असे लिहिण्याची पद्धत चांगली आहे, फक्त आकडा बदलला की टिप्पणीही बदलावी.

प्रश्न : त्याच बोर्डाच्या डीडीआर-३ मेमरी चिपचे टायमिंग (चिपच्या क्रियांना लागणाऱ्या वेळांचे आकडे) डिव्हाइस ट्रीमध्ये लिहावे का?

उत्तर : नाही. या प्रोसेसरवर मेमरी नियंत्रक यू-बूटचा पहिला टप्पा सुरू करतो आणि टायमिंगचे आकडे त्याच्या कोडमध्ये असतात. कर्नल चालू होईतो ते काम झालेले असते. एलपीडीडीआर-२ ही कमी वीज लागणारी मेमरी असलेल्या काही बोर्डांच्या वर्णनात टायमिंग दिसते, कारण तिथे चिपच्या तापमानानुसार कर्नलचा ड्रायव्हर नियंत्रकाचे आकडे बदलतो. तसे वर्णन वाचताना चिपची घनता मेगाबिटमध्ये दिलेली असते हे लक्षात ठेवा : ४०९६ या आकड्याचा अर्थ ५१२ एमबी होतो, ४ जीबी नव्हे.