गुडघे कुरकुरतात, पावसाळ्यात फिरणं बंद. घरी व्हिडिओ लावून व्यायाम कसा सुरू करावा?

तुम्ही विचारलंय ते थोडक्यात असं: कोल्हापुरात राजारामपुरीत दुसऱ्या मजल्यावर छोटा फ्लॅट, वय पंचेचाळीसच्या आसपास, पाऊस लागला की रंकाळा तलावावरचं फिरणं बंद पडतं, गुडघे अधूनमधून कुरकुरतात. व्हिडिओ लावून घरीच व्यायाम केला तर उपयोग होतो का, सामान काय लागतं आणि पैसे भरून ॲप घ्यावं का?

उपयोग होतो, नक्की होतो. पण तालमीत वस्ताद समोर उभा असतो, बैठक चुकली की तिथल्या तिथे टोकतो. पडद्यावरच्या माणसाला तुम्ही दिसत नाही. घरच्या व्यायामात कंबर धरते, गुडघा दुखावतो, त्यातलं बरंचसं इथूनच सुरू होतं. म्हणून व्हिडिओ असा निवडा की मान वळवून सारखं पडद्याकडे बघायला लागू नये.

त्यासाठी व्हिडिओ आधी नुसता बसून बघा. मग मधली दोन मिनिटं डोळे मिटून ऐका. आता काय करायचं हे नुसतं ऐकून कळलं तर तो व्हिडिओ कामाचा. संगीताचा दणदणाट आणि नुसतं ‘चला, अजून थोडं’ एवढंच ऐकू येत असेल तर सोडून द्या. सुरुवातीला अंग गरम करायला ५ मिनिटं दिलेली असावीत आणि सोपा प्रकार करून दाखवणारा दुसरा माणूस पडद्यावर असावा. शोधताना ‘लो इम्पॅक्ट’ (म्हणजे उड्या-आदळआपट नसलेला) आणि ‘बिगिनर’ (नवशिक्यांसाठी) हे शब्द टाका, लांबी २० मिनिटांच्या आत ठेवा. असे तीनच व्हिडिओ निवडा आणि महिनाभर तेच आलटून पालटून करा. रोज नवा व्हिडिओ लावणाऱ्याचा सगळा वेळ हालचाली समजून घेण्यातच जातो. वेग झेपत नसेल तर सेटिंगमध्ये ०.७५ करा, त्यात कमीपणा नाही.

‘तबाता’ नावाचे ४ मिनिटांचे व्हिडिओ तुम्हाला पुष्कळ दिसतील: २० सेकंद जोर लावायचा, १० सेकंद थांबायचं, असं आठ वेळा. १९९६ साली प्रसिद्ध झालेलं इझुमी तबाता यांचं मूळ संशोधन जागेवरच्या सायकलवर, व्यायामाची सवय असलेल्या तरुणांवर, पार दमेपर्यंत केलेलं होतं. त्यातलं फक्त घड्याळ उचलून त्यावर उड्या बसवल्यात. पहिला महिना याच्या वाटेला जाऊ नका.

आता गुडघे. तालमीतली बैठक तुम्ही लहानपणी बघितली असेल: खाली जाताना टाचा उचलतात, चवड्यावर भार येतो. व्हिडिओतली बैठक, म्हणजे स्क्वॉट, वेगळी आहे. तिच्यात टाचा जमिनीला चिकटलेल्या हव्यात आणि आधी ढुंगण मागे जायला हवं. दोन्हींची सरमिसळ झाली की गुडघ्यावर ताण येतो. तुम्ही खुर्चीवरच सुरुवात करा. साधारण दीड फूट उंचीची खुर्ची, तिची पाठ भिंतीला टेकवलेली, कारण प्लॅस्टिकची खुर्ची फरशीवर मागे सरकते. दोन पायांत खांद्यांएवढं अंतर, हळूहळू ३ सेकंदांत खाली, खुर्चीला नुसता स्पर्श आणि वर. १० बैठका, एक मिनिट विसावा, असं दोनदा. दुखत असेल तर खुर्चीवर उशी ठेवून उंची वाढवा.

लंज, म्हणजे एक पाय लांब टाकून गुडघ्यात वाकणं, असेल तिथे पाय पुढे टाकण्याऐवजी मागे टाका, पुढच्या गुडघ्यावर झटका कमी येतो. जंपिंग जॅकला, म्हणजे हातपाय फाकवत मारायच्या उड्यांना, उडी न मारता एकेक पाय बाजूला टाका. यात खालच्या मजल्यावरच्यांचीही सोय आहे: सकाळी सहाला उड्या मारल्या तर स्लॅब दणाणतो आणि मॅट टाकून तो आवाज फारसा कमी होत नाही.

वस्तादाचं काम पहिल्या दोन आठवड्यांत फोनकडून करून घ्या. फोन कमरेच्या उंचीवर, एकदा बाजूने आणि एकदा समोरून ठेवून दहा-दहा बैठका रेकॉर्ड करा. बाजूने बघताना टाच उचलते का आणि पाठीला बाक येतो का ते बघा. समोरून बघताना गुडघे आत वळतात का ते बघा. ते पायाच्या दुसऱ्या बोटाच्या रेषेत राहायला हवेत. ही चूक सगळ्यात जास्त दिसते आणि करणाऱ्याला स्वतःला कळत नाही.

प्लँकमध्ये, म्हणजे हात आणि चवड्यांवर अंग फळीसारखं सरळ धरताना, मनगट दुखलं तर कोपरांवर या. पाठीवर झोपून पाय उचलताना कंबर जमिनीपासून सुटत असेल तर गुडघे वाकवा. श्वास कोंडून धरू नका, रक्तदाब असेल तर मुळीच नाही. व्यायाम करताना तुटक वाक्यं बोलता आली पाहिजेत. शब्दच फुटत नसेल तर वेग कमी करा. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी मांड्या दुखणं स्वाभाविक आहे. सांध्यात टोचणं, गुडघा सुजणं स्वाभाविक नाही, ते झालं तर थांबून हाडांच्या डॉक्टरांना दाखवा. छातीत दुखलं, चक्कर आली तर तिथेच थांबून लगेच डॉक्टरांकडे जा.

जागा ६ फूट बाय ६ फूट पुरते. हात वर करून पंखा आणि माळा लागत नाही ना, हे आधी बघून घ्या. मॅट ६ मिलिमीटरची घ्या. १२ मिलिमीटरची जाड फोमची मॅट मऊ लागते, पण एका पायावर उभं राहिलं की घोटा डुगडुगतो. जुलै-ऑगस्टमध्ये आपल्याकडे फरशी, विशेषतः शहाबादी, ओलसर राहते आणि मॅट तिच्यावरून सरकते. आधी कोरड्या फडक्याने फरशी पुसा, मॅटची खालची बाजूही पुसा. मॅट ओली गुंडाळून ठेवली की बुरशीचा वास धरते, म्हणून वापरून झाल्यावर अर्धा तास पंख्याखाली पसरा. डंबेल लगेच विकत घेऊ नका. एक लिटरची भरलेली बाटली म्हणजे एक किलो. त्याच्या पुढे दप्तरात पुस्तकं भरून ५ किलोपर्यंत सहज जाता येतं, फक्त दप्तर छातीशी घट्ट धरा.

फोन जमिनीवर ठेवून बघू नका, मान धरते. टीव्ही असेल तर तिकडे ‘कास्ट’ करा. त्यात टीव्ही स्वतः व्हिडिओ खेचतो आणि फोन मोकळा राहतो; ‘स्क्रीन मिरर’मध्ये फोनचा पडदाच पाठवला जातो, त्यामुळे चित्र अडखळतं. टीव्ही यादीत दिसत नसेल तर दोन्ही उपकरणं एकाच वायफायवर आहेत का ते तपासा. मोबाईल डेटावर अर्ध्या तासाला ४८०पी (चित्राची साधारण स्पष्टता) मध्ये साधारण पाव जीबी लागतो, १०८०पी मध्ये त्याच्या तिप्पट-चौपट. व्यायामाला ४८०पी पुरेसं आहे. पावसात लाईट गेली की राउटरही बंद पडतो, म्हणून जमेल तिथे तीनही व्हिडिओ ॲपमध्ये डाउनलोड करून ठेवा. पडद्यावर पळणारा कॅलरीचा आकडा सोडून द्या, व्हिडिओला तुमचं वजन माहीत नाही.

जागतिक आरोग्य संघटनेच्या शिफारशीप्रमाणे प्रौढांना आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम व्यायाम आणि दोन दिवस ताकदीचा व्यायाम हवा. पहिल्या दोन आठवड्यांत एक दिवसाआड २० मिनिटं करा, मग वाढवा. पाऊस उघडला की रंकाळ्यावरचं चालणं सुरू करा, पण ताकदीचे दोन दिवस घरी चालू ठेवा. कुरकुरणाऱ्या गुडघ्यांना मांडीची ताकदच आधार देते.

पैशाचं माझं मत स्पष्ट आहे: पहिला महिना काही भरू नका, यूट्यूबवरचं फुकटातलं पुरतं. महिनाभर टिकलात आणि मध्येच येणाऱ्या जाहिरातींचा त्रास होतोय, किंवा आठवड्यागणिक अवघड होत जाणारा क्रम हवाय, तर मगच ॲप घ्या, आणि तेही महिन्याच्या बोलीवर. वार्षिक सवलत कितीही चांगली दिसली तरी आत्ता नको. ‘फ्री ट्रायल’ घेताना कार्ड किंवा यूपीआय ऑटोपे मागतात. ट्रायल पाहुणे-रावळे नसतील अशा आठवड्यात सुरू करा, गणपतीत केली तर वाया जाईल. रद्द केल्यावर काही ॲप मुदत संपेपर्यंत चालतात, काही त्याच क्षणी बंद होतात, तेवढं आधी वाचून घ्या. आणि फोनमधून ॲप काढून टाकलं म्हणजे वर्गणी थांबत नाही. ती प्ले स्टोअरच्या ‘सबस्क्रिप्शन्स’मध्ये जाऊन रद्द करावी लागते, आणि ऑटोपे दिलं असेल तर यूपीआय ॲपमधली मंजुरीही बंद झाली का ते बघून घ्या.