वॉशिंग्टन राज्यातली मेक्सिकन वस्ती: कोणत्या काउंट्यांत आणि तिथेच का?

तुम्ही दोन गोष्टी विचारल्या आहेत. वॉशिंग्टन राज्यातल्या कोणत्या काउंट्यांमध्ये (म्हणजे जिल्ह्यांमध्ये) मेक्सिकन लोक जास्त आहेत, आणि सिएटलच्या बाजूला ते इतके कमी का. दुसऱ्या प्रश्नातलं गृहीतक मला पटत नाही, त्याकडे पुढे येतो. आधी पहिला.

मी अकरा वर्षं सिएटलजवळ बॉथेलला राहतो. इकडची बहुतेक मराठी मंडळी सॉफ्टवेअरमधली, त्यामुळे आमचं राज्य म्हणजे डोंगराच्या अलीकडचा हिरवा, ओला पट्टा. पहिल्यांदा याकिमाला गेलो तो चेरीच्या दिवसांत. स्नोक्वाल्मी घाट ओलांडेपर्यंत दोन्ही बाजूंना गर्द झाडी होती. एलेन्सबर्गच्या पुढे डोंगर एकदम बोडके झाले. महाबळेश्वरहून माणदेशात उतरावं तसंच वाटलं, आणि कारणही तेच आहे. ढग कॅस्केड पर्वताच्या पश्चिम उतारावर रिकामे होतात आणि याकिमाला वर्षाला जेमतेम आठ इंच पाऊस उरतो. पुढे सनीसाइडचा कालवा दिसला. कालव्याच्या वरच्या अंगाला करडी खुरटी झुडपं, खालच्या अंगाला ओळीने सफरचंदं, द्राक्षं, बिअरला लागणाऱ्या हॉप्सच्या वेलींचे उंच मांडव. मध्ये कुणी रेघ मारावी तशी सीमा. आपल्याकडे पाटाखालचं बागायत आणि वरचं जिरायत ज्याने पाहिलंय, त्याला या राज्याचा मेक्सिकन नकाशा वेगळा समजावून सांगावा लागत नाही.

२०२० च्या जनगणनेत तीन काउंट्यांमध्ये हिस्पॅनिक लोक निम्म्याहून जास्त निघाले: अ‍ॅडम्स, फ्रँकलिन आणि याकिमा. अ‍ॅडम्समध्ये तर साठ टक्क्यांच्या वर. याकिमाने निम्म्याची रेषा या वेळी पहिल्यांदा ओलांडली. शेजारची ग्रँट काउंटी चाळीसच्या पुढे आहे, आणि सफरचंदाच्या वेनाची पट्ट्यातल्या शेलान आणि डग्लस तीसच्या आसपास. जनगणनेत 'हिस्पॅनिक', म्हणजे स्पॅनिशभाषक देशांत मूळ असलेले लोक, हा मोठा गट आणि 'मेक्सिकन' त्याच्या पोटात. २०१० मध्ये राज्यातल्या सुमारे साडेसात लाख हिस्पॅनिकांपैकी सहा लाखांच्या आसपास लोक मेक्सिकन होते. वरच्या काउंट्यांत हे दोन आकडे जवळजवळ एकच धरले तरी चालतात. सिएटलकडे तसं चालत नाही.

आता तिथेच का, हे बघू. दुसऱ्या महायुद्धात शेतावर माणसं उरली नाहीत, तेव्हा १९४२ साली अमेरिका आणि मेक्सिको यांच्यात करार झाला आणि 'ब्रासेरो' म्हणून मेक्सिकन मजूर यायला लागले. याकिमा खोऱ्यात तेव्हा साखरेच्या बिटाची शेती होती, टॉपेनिशला साखर कारखाना होता. बिटाची विरळणी म्हणजे दिवसभर कमरेत वाकून करायचं काम. इथे १९४७ नंतर ब्रासेरोंची संख्या एकदम घटली. दक्षिणेतल्या राज्यांना सीमा जवळ होती, इथल्या मळेवाल्यांना मात्र मेक्सिकोहून इतक्या लांबचा प्रवासखर्च परवडेना. मग टेक्सासमधली मेक्सिकन अमेरिकन कुटुंबं ट्रकमधून येऊ लागली. वसंतात शतावरी (भाजीची, अ‍ॅस्परॅगस), मग बीट, मग हॉप्स, शेवटी सफरचंद, आणि थंडी पडली की परत टेक्सास. दिवाळीनंतर बीडहून कारखान्यावर निघणाऱ्या ऊसतोड टोळ्या ज्यांनी पाहिल्यात, त्यांना यातली पोरांच्या शाळेची फरफट वेगळी सांगायला नको.

ती कुटुंबं कायमची राहिली कशी, हे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं, आणि त्याची कारणं दोन. एक म्हणजे पाणी आणि पिकं. ग्रँड कूली धरणाचं पाणी १९५० च्या दशकात ग्रँट, अ‍ॅडम्स आणि फ्रँकलिनमधल्या माळरानावर पोचलं आणि बटाटा, कांदा, फळबागा वाढल्या. फळबागेला वर्षभर हात लागतात. हिवाळ्यात छाटणी, मेमध्ये फळांची विरळणी, ऑगस्टपासून तोडणी, आणि मग शीतगृहात नि पॅकहाऊसमध्ये पुढचे कित्येक महिने वर्गवारी. काम बारमाही झालं की माणूस खोली भाड्याने घेतो. दुसरं कारण १९८६ चा स्थलांतरितांविषयीचा कायदा. देशभरात सुमारे सत्तावीस लाख लोकांना त्याने कायदेशीर कागद मिळवून दिले, त्यात शेतमजुरांसाठी वेगळी तरतूद होती. कागद हातात आल्यावर एकटे राहणारे पुरुष बायकामुलांना घेऊन आले. ग्रेंजरसारख्या लहानशा गावात त्याआधीच, १९७९ मध्ये, रेडिओ केडीएनए हे पूर्णवेळ स्पॅनिश लोकप्रसारण केंद्र सुरू झालं होतं. म्हणजे ऐकणारे तेव्हाच तिथे होते.

पाणी जिथे पोचलं नाही तिथली स्थितीही बघा. आग्नेयेकडची व्हिटमन काउंटी शेतीप्रधानच आहे, पण तिथला गहू पावसावर येतो आणि कंबाइनने कापला जातो. मेक्सिकन वस्ती तिथे तुरळक. अ‍ॅडम्स काउंटीत तर एकाच सीमेच्या आत दोन्ही चित्रं दिसतात. पश्चिमेला कालव्याखालचं ओथेलो, बटाट्यावर प्रक्रिया करणारे कारखाने, दुकानांच्या पाट्या स्पॅनिशमध्ये. पूर्वेला काउंटीचं मुख्य ठिकाण रिट्झव्हिल, रशियातून आलेल्या जर्मन कुटुंबांनी वसवलेला गव्हाचा प्रदेश. काउंटीनिहाय नकाशा अख्खी अ‍ॅडम्स एकाच गडद रंगात रंगवतो. म्हणून सांगतो, काउंटीवर थांबू नका, गावनिहाय आकडे काढा.

आता सिएटल. किंग काउंटीत हिस्पॅनिकांचा वाटा फक्त अकरा टक्क्यांच्या आसपास आहे, त्यामुळे टक्केवारीच्या नकाशावर ती फिकी दिसते. माणसं मोजा: किंगमध्ये दोन लाख चाळीस हजारांच्या घरात, याकिमात एक लाख तीस हजार, आणि टक्केवारीत पहिल्या असलेल्या अ‍ॅडम्समध्ये तेरा हजार. किंगच्या आकड्यात साल्व्हाडोर, पेरू, कोलंबियाची माणसंही बरीच आहेत. निव्वळ मेक्सिकन मोजले तर याकिमाशी अंतर पुष्कळ कमी होतं, तरी 'सिएटलकडे मेक्सिकन नाहीत' असं कुणी म्हणू शकणार नाही. ते आम्हाला दिसत नाहीत, कारण आम्ही लेक वॉशिंग्टन या तलावाच्या पूर्वेला राहतो आणि ते बुरियन, व्हाइट सेंटर, केंट, साउथ पार्क अशा दक्षिणेकडच्या वस्त्यांत. बांधकाम, हॉटेलं, साफसफाई, बागकाम ही त्यांची कामं. आमच्या ऑफिसचा मजला रात्री कोण पुसतं, हे मी कित्येक वर्षं पाहिलंच नव्हतं, याची मला खरोखर खंत वाटते. सिएटलच्या बीकन हिलवरचं एल सेंत्रो दे ला रासा हे लॅटिनो समाजाचं केंद्र १९७२ मध्ये रिकाम्या पडलेल्या शाळेचा ताबा घेऊन लोकांनी उभं केलं, ते आजही चालू आहे. अभ्यासासाठी आलात तर आधी तिथे जा.

खोऱ्यात गेलात तर याकिमाला लागून असलेल्या युनियन गॅपमध्ये लॉस हर्नांडेझ तमालेस या साध्याशा दुकानात थांबा. २०१८ मध्ये त्याला खाद्यक्षेत्रातले पुरस्कार देणाऱ्या जेम्स बियर्ड प्रतिष्ठानचा 'अमेरिकाज क्लासिक्स' सन्मान मिळाला. वसंतात तिथे शतावरी आणि चीजचे तमालेस, म्हणजे मक्याच्या पिठाचे वाफवलेले गुंडाळे, मिळतात. मक्याच्या कणसाचं वाळलेलं साल उलगडलं की आतून वाफ येते, अगदी हळदीच्या पानातली पातोळी सोडवताना येते तशी. टेक्सासहून आलेली कुटुंबं ज्या शतावरीसाठी पहाटे रानात उतरायची, तीच ही शतावरी.

वस्तीची वाटणी हा नुसता भूगोलाचा प्रश्न नाही. याकिमा शहरात मेक्सिकन कुटुंबं प्रामुख्याने पूर्व भागात राहतात, पण नगर परिषदेच्या जागांसाठी सगळं शहर मिळून मतदान करायचं. लोकसंख्या इतकी असूनही त्यांचा उमेदवार निवडून येत नव्हता. २०१४ मध्ये फेडरल न्यायालयाने ही पद्धत मताधिकार कायद्याविरुद्ध ठरवली, प्रभाग पडले, आणि २०१५ च्या निवडणुकीत लॅटिन अमेरिकी वंशाच्या तीन स्त्रिया निवडून आल्या.

आकडे वापरताना आणखी दोन गोष्टी ध्यानात ठेवा. जनगणना १ एप्रिलची धरतात. चेरी जूनमध्ये पिकते आणि सफरचंद त्याच्याही नंतर, म्हणजे फक्त मोसमापुरते व्हिसावर येणारे हजारो मजूर त्यात नीट उमटत नाहीत. दुसरी गोष्ट पश्चिमेकडच्या स्कॅजिट काउंटीची. तिथे स्ट्रॉबेरी आणि ब्लूबेरी तोडणाऱ्यांत मेक्सिकोतल्या ओहाका राज्याकडचे मिश्तेक आणि त्रिकी हे मूलनिवासी लोक बरेच आहेत. फॉर्मवर ते 'मेक्सिकन' याच रकान्यात जातात, पण त्यांच्यातल्या कित्येकांची घरची भाषा स्पॅनिश नाही. तिथे प्रश्नावली घेऊन जाणार असाल तर नुसता स्पॅनिशचा दुभाषा पुरणार नाही.