वाचकांचे प्रश्न : शेअर कंटेनरमधून परदेशी माल पाठवताना

सांगली-सातारा भागातून निर्यातीबद्दल आलेल्या पत्रांपैकी यंदा निम्म्याहून जास्त पत्रं एकाच विषयावर आहेत : माल थोडा आहे, अख्खा कंटेनर परवडत नाही, मग काय करायचं? त्यातल्या पाच पत्रांना इथे उत्तरं देत आहोत.

प्रश्न : घरचा बेदाणा आहे. दुबईच्या एका दुकानदाराने ६०० किलोची पहिली ऑर्डर दिली आहे. भाडं कशावर आकारतात आणि माल कसा पाठवायचा? — बेदाणा उत्पादक, तासगाव

तुमच्यासाठी शेअर कंटेनर, म्हणजे धंद्यातल्या भाषेत एलसीएल, हाच मार्ग आहे. वीस फुटी कंटेनरमध्ये साधारण ३३ घनमीटर जागा असते. दहा-पंधरा जणांचा वेगवेगळ्या आकाराचा माल भरताना त्यातली २५ ते २८ घनमीटरच वापरात येते. कन्सॉलिडेटर, म्हणजे अनेकांचा माल एका कंटेनरमध्ये जमवणारा व्यावसायिक, ही जागा तुकड्या-तुकड्याने विकतो.

भाडं १ घनमीटर किंवा १००० किलो, यांतलं जे जास्त भरेल त्यावर लागतं. शिवाय किमान १ घनमीटरचे पैसे द्यावेच लागतात. आता तुमचा हिशोब करू. दहा किलोचा खोका ४० × ३० × १५ सेंटिमीटरचा धरला, तर एक खोका ०.०१८ घनमीटर आणि साठ खोके १.०८ घनमीटर होतात. वजन खोक्यासकट साडेसहाशे किलोच्या आत राहतं, म्हणजे तुम्हाला आकारमानावर पैसे पडणार. १२० × १०० सेंटिमीटरच्या पॅलेटवर या मापाचे बरोबर दहा खोके एका थरात बसतात. सहा थर आणि पॅलेटची उंची धरून १०५ सेंटिमीटर, म्हणजे १.२६ घनमीटर. इथे बरेच जण हौसेने चार खोके वर ठेवतात. त्या चार खोक्यांमुळे उंची १२० होते आणि बिल १.४४ घनमीटरचं येतं, कारण सीएफएसमध्ये, म्हणजे बंदराजवळच्या कंटेनर भरण्याच्या गोदामात, टेप सगळ्यात उंच टोकाला लावतात. शिवाय ते चार खोके दुसऱ्याच्या मालाखाली दबून फुटतात. थर पूर्ण होत असेल तरच वाढवा.

यापेक्षा मोठा धोका कोल्ड स्टोअरेजचा आहे. कोल्डमधून काढलेला गार बेदाणा लगेच खोक्यात भरून पॅलेटला प्लास्टिक गुंडाळलं, की बाहेरच्या दमट हवेतलं पाणी आत धरतं. आठवड्याभरात मणी चिकटतात, साखर सुटते आणि खोक्याचा तळ ओला दिसायला लागतो. पेट्या बंद ठेवूनच एक-दोन दिवस सावलीत, हवेशीर शेडमध्ये बाहेरच्या तापमानाला येऊ द्या. मग निवड करा, आतल्या फूडग्रेड पिशवीत भरा आणि शेवटी पॅलेटला स्ट्रेच रॅप लावा. पावसाळ्यात एक दिवस जास्तच द्या.

बेदाणा वास ओढतो. शेजारी अगरबत्ती, रबर की मिरची येणार, हे तुमच्या हातात नसतं. म्हणून बुकिंग करतानाच 'खाद्यपदार्थ, वासाच्या मालापासून दूर' असं ईमेलवर लिहून घ्या. तोंडी सांगितलेलं सीएफएसच्या हमालापर्यंत पोचत नाही.

कागदपत्रांत आयईसी (आयात-निर्यातदाराचा क्रमांक), बँकेचा एडी कोड (परकीय चलनाच्या व्यवहारासाठी बँकेचा क्रमांक), जीएसटीचं एलयूटी (कर न भरता निर्यात करण्याचं हमीपत्र), अपेडा या शेतमाल निर्यातीच्या सरकारी संस्थेची नोंदणी, एफएसएसएआय (अन्नसुरक्षेचा परवाना) आणि फायटोसॅनिटरी सर्टिफिकेट (माल कीड-रोगमुक्त असल्याचा दाखला) लागतं. भारत-यूएई व्यापार करार १ मे २०२२ पासून लागू आहे. त्याचं सर्टिफिकेट ऑफ ओरिजिन (माल भारतातला असल्याचा दाखला) डीजीएफटी या केंद्राच्या परकीय व्यापार खात्याच्या पोर्टलवरून काढून दिलंत तर तिकडे ड्युटीत काय सवलत मिळते, ते ग्राहकाकडून तपासून घ्या. हिरवा बेदाणा गंधकाची धुरी दिलेला असेल तर लेबलवर सल्फाइटचा उल्लेख ठेवा.

क्रम असा राहतो : बुकिंग, कार्टिंग ऑर्डर (माल सीएफएसमध्ये आणण्याची परवानगी), कस्टम एजंटकडून शिपिंग बिल (निर्यातीचा कस्टमचा अर्ज), न्हावा शेव्याच्या सीएफएसमध्ये गाडी खाली होणं, मोजमाप, कस्टमची तपासणी, एलईओ म्हणजे निर्यातीची परवानगी, आणि मग कंटेनरमध्ये भरणी. कट-ऑफच्या, म्हणजे माल स्वीकारण्याच्या शेवटच्या मुदतीच्या, आदल्या दिवशी गाडी पोचेल असं नियोजन नको. दोन दिवस हाताशी ठेवा. जहाज दुबईच्या जेबेल अली बंदराला चार-पाच दिवसांत जातं, तरी दारापासून दारापर्यंत दोन-तीन आठवडे धरूनच ग्राहकाला तारीख द्या.

प्रश्न : आम्ही कास्टिंगचे सुटे भाग हॅम्बुर्गला पाठवतो. फॉरवर्डरने (माल पाठवण्याची व्यवस्था करणाऱ्याने) समुद्रभाडं 'शून्य' सांगितलं, म्हणून त्याला काम दिलं. आता जर्मन ग्राहक म्हणतो, त्याला भाड्याच्या कितीतरी पट बिल आलं. हे कसं? — लघुउद्योजक, सातारा एमआयडीसी

शून्य भाड्याचे पैसे दुसऱ्या टोकाला वसूल झाले आहेत. कन्सॉलिडेटर माल परदेशातल्या ज्या एजंटाकडे देतो, तो एजंट त्याला घनमीटरमागे काही रक्कम परत देतो आणि ती माल सोडवणाऱ्याकडून काढतो. त्या बिलात टर्मिनल हाताळणी, कंटेनर रिकामा करण्याचा खर्च, डिलिव्हरी ऑर्डरची फी, कागदपत्रांची फी असे मथळे असतात. तुमचा ग्राहक अडलेला असतो. पैसे भरल्याशिवाय डिलिव्हरी ऑर्डर, म्हणजे माल सोडण्याची चिठ्ठी, मिळत नाही. स्वस्त दरामागे लागून ग्राहक गमावण्याचा हा सगळ्यात सोपा रस्ता आहे.

यावर उपाय एकच. दर मागताना 'पोहोच बंदरातले सगळे खर्च, प्रति घनमीटर आणि प्रति बीएल' असा तक्ता लेखी मागा (बीएल म्हणजे जहाजाने पाठवलेल्या मालाची पावती), तो बुकिंगआधी ग्राहकाला पाठवा आणि त्याची संमती आल्यावरच माल हलवा. तक्ता द्यायला जो टाळाटाळ करतो, त्याला काम देऊ नका.

तुमच्या मालाबद्दल आणखी दोन गोष्टी. कास्टिंग जड असतं, त्यामुळे तुमचं बिल वजनावर निघतं : ०.६ घनमीटरची पेटी १४०० किलोची असेल तर १.४ चे पैसे पडतात. पेटी मोठी करून फायदा नाही, पण एका पेटीचं वजन फोर्कलिफ्टला झेपेल एवढंच ठेवा आणि खाली दोन्ही बाजूंनी काटे जातील अशी मोकळी जागा ठेवा. आत व्हीसीआय, म्हणजे गंजरोधक, कागद किंवा पिशवी घाला. नुसतं तेल पुसून पाठवलेल्या मशीन केलेल्या पृष्ठभागावर युरोपपर्यंतच्या प्रवासात गंज धरतो. २०२३ च्या अखेरीस तांबड्या समुद्रात हल्ले सुरू झाल्यावर बरीच जहाजं केप ऑफ गुड होपला वळसा घालू लागली. असा वळसा पडला की प्रवास दहा-चौदा दिवसांनी लांबतो.

आणि करारात एफओबी ही विक्रीची अट लिहीत असाल तर थांबा. एफओबीत माल जहाजावर चढेपर्यंतची जोखीम तुमच्यावर असते, पण एलसीएलमध्ये माल त्याआधी कित्येक दिवस सीएफएसमध्ये, तुमच्या नजरेआड पडलेला असतो. कंटेनरच्या मालाला एफसीए ही अट बरोबर बसते : सीएफएसमध्ये ताबा दिला की जोखीम ग्राहकाकडे.

प्रश्न : ॲमस्टरडॅमच्या एका संगीतशाळेला सहा तानपुरे पाठवायचे आहेत. विमानाचं भाडं परवडत नाही. समुद्रमार्गे वाद्य टिकेल का? — वाद्य कारागीर, मिरज

टिकेल, पण पेटी कारखान्याच्या मालासारखी करून चालणार नाही.

तानपुरा मोडतो तो भोपळा आणि दांडी यांच्या जोडावर. पेटी आदळली की भोपळा जागेवर राहतो आणि लांब दांडी झोल खाते. म्हणून भोपळ्याला फोमची खोलगट बैठक हवीच, शिवाय दांडीला दोन ठिकाणी आधार हवा : एक जोडाजवळ, एक खुंट्यांच्या अलीकडे. खुंट्यांना पेटीच्या कोणत्याही बाजूचा स्पर्श होता कामा नये. तारा काही सुरांनी उतरवा, पण घोडी जागेवर धरून राहील एवढा ताण राहू द्या; पूर्ण सैल तारांत घोडी सरकून तबलीवर (भोपळ्यावरच्या लाकडी झाकणावर) ओरखडे पडतात. जवारीवर (घोडीचा तारा टेकतात तो भाग) मऊ कापड ठेवा. वाद्य कापडात गुंडाळून मग पिशवीत घाला, सोबत सिलिका जेलच्या पुड्या. आणि पॉलिश ताजं असताना भरू नका. कंटेनरमधल्या उकाड्यात कापड पॉलिशला चिकटतं.

जागेचा हिशोब इथे फार पैसे वाचवतो. एकेका तानपुऱ्याची पेटी १५० × ५५ × ५० सेंटिमीटरची केली तर सहा पेट्या २.४७५ घनमीटर होतात. दोन तानपुरे उलटसुलट, एकाच्या भोपळ्याकडे दुसऱ्याच्या खुंट्या, असे १५० × ७५ × ५५ च्या पेटीत बसवले तर तीन पेट्यांत काम होतं आणि आकारमान १.८६ घनमीटरच्या आत राहतं. वजन दोन्ही वेळा किरकोळ आहे.

आता लाकडाचा नियम. परदेशी जाणाऱ्या पेटीचं कच्चं लाकूड ६ मिलिमीटरहून जाड असेल तर ते आयएसपीएम-१५ या लाकडी पॅकिंगच्या आंतरराष्ट्रीय नियमानुसार प्रक्रिया केलेलं आणि त्याची खूण असलेला आयपीपीसीचा शिक्का मारलेलं लागतं. उष्णतेची प्रक्रिया म्हणजे लाकडाच्या गाभ्यात ५६ अंश तापमान सलग ३० मिनिटं. प्लायवूडला हा नियम लागत नाही, म्हणून बहुतेक सुतार प्लायची पेटी करतात आणि निर्धास्त होतात. घोळ होतो तो आतल्या इंचभर जाडीच्या कच्च्या लाकडाच्या पट्ट्यांमुळे. बाहेरून प्लाय, आतून बिनशिक्क्याची पट्टी : युरोपच्या बंदरात अशी पेटी अडते, आणि मग परत पाठवणं किंवा नष्ट करणं एवढेच पर्याय उरू शकतात. पट्ट्याही प्लायच्याच काढा, किंवा शिक्क्याचं लाकूड विकत घ्या.

इनव्हॉइसवर लाकडाचं नाव लिहा : तून, आणि कुठे शिसवी वापरली असेल तर तेही. शिसवीच्या जातीवर आंतरराष्ट्रीय बंधनं आहेत. नोव्हेंबर २०१९ पासून तयार वाद्यांना त्यातून सूट आहे, म्हणून 'तयार वाद्य' हा शब्द कागदावर ठळक हवा. घोडी किंवा नक्षीत सांबरशिंग, हस्तिदंत असं काही नको. जुन्या वाद्यातून काढलेलं असलं तरी नको. वाळलेला भोपळा हा वनस्पतिजन्य माल आहे, त्यामुळे तिकडची क्वारंटाइनची अट ग्राहकाला आधीच विचारायला लावा.

प्रश्न : मुलगी मेलबर्नला स्थायिक झाली. तिची पुस्तकं, तांब्या-पितळेची भांडी, देव्हारा असं सात-आठ खोके सामान पाठवायचं आहे. — गृहिणी, सातारा

सामान मुलीच्या नावाने, वापरलेलं घरगुती सामान म्हणून जाईल. निर्यातदाराचा परवाना लागत नाही. तिच्या पासपोर्टची प्रत आणि खोक्यागणिक वस्तूंची यादी अंदाजे किमतीसह द्या. 'घरगुती सामान' एवढंच लिहिलेली यादी तिकडे हमखास खोके उघडायला लावते. तिकडचा कस्टमचा फॉर्म मुलीलाच भरावा लागेल.

ऑस्ट्रेलिया जैवसुरक्षेच्या बाबतीत अत्यंत कडक आहे. केरसुणी, सूप, परडी, धान्य, बिया, घरचे मसाले या खोक्यांत घालूच नका. माती लागलेल्या चपला धुऊन, वाळवून घाला. देव्हाऱ्याला किड्याची भोकं किंवा लाकडाची पूड दिसत असेल तर तो पाठवू नका. नसेल तर देव्हारा वेगळ्या खोक्यात ठेवा, म्हणजे तपासणीला तेवढाच उघडतील.

आपल्याकडूनही दोन गोष्टी जात नाहीत. मोरपिसांच्या निर्यातीला बंदी आहे, मग ती देवाजवळची असोत की पंख्याची. आणि शंभर वर्षांहून जुनी मूर्ती किंवा भांडं १९७२ च्या पुरावस्तू कायद्यात येतं. आजीच्या आजीचा हंडा असेल, तर आधी पुरातत्त्व खात्याकडून तो पुरावस्तू नसल्याचा दाखला घ्या. पुस्तकं लहान खोक्यांत भरा, मोठ्या खोक्याचा तळ सुटतो. विमा घेताना विचारा : घरी भरलेल्या खोक्यांना बहुतेक वेळा तुटफुटीची भरपाई नसते, पूर्ण खोका गहाळ झाला तरच मिळते.

प्रश्न : आमची हळद ज्या कंटेनरमध्ये होती तो दुसऱ्या कोणाच्या तरी मालामुळे तपासणीत अडकला. आमची काय चूक? नुकसान कोण देणार? — हळद व्यापारी, सांगली

चूक तुमची नाही आणि पैसेही बहुधा कोणी देणार नाही. अख्ख्या कंटेनरचं एकच मुख्य, म्हणजे मास्टर बीएल असतं; कंटेनर सुटेपर्यंत आतला कोणाचाच माल सुटत नाही. उशिरामुळे झालेलं नुकसान सागरी विम्याच्या सर्वसाधारण अटींतही वगळलेलं असतं. तुम्ही एवढंच करू शकता : न्हावा शेव्याहून थेट पोहोच बंदरापर्यंत न उघडणारा कंटेनर मागा. कोलंबो किंवा सिंगापूरला उघडून पुन्हा भरणाऱ्या सेवेत शेजारीही दोनदा बदलतात आणि गोणींची हाताळणीही दुप्पट होते.

विमा मात्र कधीच टाळू नका. 'एव्हर गिव्हन' जहाज मार्च २०२१ मध्ये सुएझमध्ये रुतलं, तेव्हा जहाजमालकाने जनरल ॲव्हरेज जाहीर केलं, म्हणजे सुटकेचा खर्च जहाजावरच्या सगळ्या मालधारकांत वाटला. अशा वेळी विमा असेल तर कंपनी हमीपत्र देते. नसेल तर रोख अनामत भरल्याशिवाय दोन पोतीसुद्धा मिळत नाहीत. क्लॉज 'ए' (सगळ्यात व्यापक संरक्षण) घ्या, रक्कम सीआयएफ, म्हणजे माल, विमा आणि भाडं मिळून होणाऱ्या, किमतीच्या ११० टक्के ठेवा आणि संरक्षण सांगलीच्या गोदामापासून ग्राहकाच्या गोदामापर्यंत असल्याचं पॉलिसीवर वाचून पाहा. ग्राहकाला सांगून ठेवा की गोणी ओली किंवा फाटकी दिसली तर पावतीवर तसा शेरा मारूनच ताब्यात घ्यायची. नुकसान आत दडलेलं असेल तर फोटोसह लेखी सूचना तीन दिवसांच्या आत द्यायची.