टेक्सासमध्ये बॅकयार्डात आपोआप उगवलेलं एल्मचं झाड नेटिव्ह आहे की चायनीज, कसं ओळखायचं? आणि ठेवायचं असेल तर वाढवायचं कसं?

पहिलं म्हणजे फोनमधल्या अ‍ॅपचं ऐकू नका. सीडर एल्म (हे टेक्सासचं नेटिव्ह) आणि चायनीज, दोन्हींची पानं बारीक, कडा दातेरी आणि फुलं येतात उन्हाळा सरताना, त्यामुळे अ‍ॅप बिनधास्त चायनीज ठोकून देतं.

आमच्याकडे यावरून ऐन गणपतीत महाभारत झालंय. ऑस्टिनला आमच्या फेन्सला लागून सीडर एल्म आलंय, कुणी लावलेलं नाही. सप्टेंबरात त्याला बारीक लालसर फुलं येतात, पाकळ्या वगैरे काही नाही, पॅटिओवर नुसता भुशासारखा थर, आणि परागांनी अर्धं घर शिंकत असतं. आरती झाली, जेवणं चालू होती आणि आमचे मोठे भाऊजी (डॅलसला असतात, लॉनवर फार जीव) नाक पुसत म्हणाले, अमेरिकेतलं एल्म थंडीच्या शेवटी फुलतं, हे आत्ता फुललंय म्हणजे चायनीजच, काढून टाका आणि मस्तपैकी लाइव्ह ओक लावा. सगळ्यांनी माना डोलावल्या, कारण भाऊजी बोलले की विषय संपतो. आता मोठं अमेरिकन एल्म खरंच तेव्हाच फुलतं, पण सीडर एल्म हेही इथलंच आणि ते फुलतं ऑगस्ट-सप्टेंबरात! मी उठले, एक पान तोडलं आणि त्यांच्या मनगटावर घासलं. झटकन हात मागे घेतला त्यांनी, सॅंडपेपर आहे ते. चायनीजचं पान वरून गुळगुळीत, चकचकीत असतं. शिवाय चायनीजच्या खोडाचे पापुद्रे निघून खाली नारिंगी-करडे डाग दिसतात, आमच्याचं खोड राखाडी, खडबडीत, आणि कोवळ्या फांद्यांना दोन्ही बाजूंनी बुचासारखे पंख. बी आलं की तेही बघा, सीडर एल्मच्या चपट्या बीवर लव असते, चायनीजची साफ. एवढं दाखवूनही भाऊजी म्हणाले, "असेल, पण ओक तो ओक."

वाढवायचं म्हणाल तर फार काही नाही. चुनखडीची, चिकट माती चालते, पहिले दोन उन्हाळे आठवड्यातून एकदा खोलवर पाणी द्या, बुंध्याभोवती गवत ठेवू नका (ट्रिमरवाले साल सोलून ठेवतात) आणि मल्च खोडाला चिकटवू नका. बी शरद ऋतूत ताजंच पेरा, नाहीतर ओल्या वाळूत फ्रीजमध्ये दोन-तीन महिने ठेवून वसंतात.

आणि ओक ओक करणाऱ्यांना एवढंच विचारा की ओक विल्टचं (ओक वाळवणारा बुरशीचा रोग) काय? लाइव्ह ओकची मुळं जमिनीखाली एकमेकांत गुंतलेली असतात, एकाला रोग लागला की शेजारची ओळच्या ओळ वाळते. एल्मला ओक विल्ट होत नाही. हां, डच एल्म डिसीज, ज्याने १९३० पासून पुढे अमेरिकन एल्मची वाट लावली, तो सीडर एल्मला होऊच शकत नाही असं नाही, पण तेवढा त्रास देत नाही. खरा वैताग बांडगुळाचा, गावाकडे आंब्यावर येतं तसंच. थंडीत पानं गळली की हिरवे झुपके दिसतात, लहान फांदीवर असेल तेव्हाच फांदीसकट छाटायचं. घरात कुणाला परागांची अ‍ॅलर्जी असेल तर मात्र खिडकीजवळ नको, एवढ्यापुरतं भाऊजींचं बरोबर.