तारांचा कठडा ढिला का पडतो?

प्रश्न : गच्चीच्या कठड्याला सागवानी खांब लावून मध्ये स्टीलच्या दहा आडव्या तारा मी घरीच ओढल्या. महिनाभरात तारा लोंबल्या, टोकाचा खांब आत झुकला. तारा बदलू का?
– एक वाचिका, जुळे सोलापूर

उत्तर : ताई, तारा राहू द्या, खांब बदला. एका तारेचा ताण शंभर किलो धरला तरी दहा तारा मिळून टोकाच्या खांबाला हजार किलोंनी ओढतात. एकटं लाकूड तिथं वाकणारच. टोकाचे दोन्ही खांब जाड लोखंडी चौकोनी पाइपचे करा, तळाला प्लेट वेल्ड करून स्लॅबमध्ये अँकर बोल्टनं आवळा. वरून सागवानी पट्ट्या चढवल्या की लोखंड दिसत नाही. मधले खांब लाकडी चालतील, पण दोन खांबांतलं अंतर चार फुटांच्या आत. दोन तारांत तीन इंचच ठेवा; दाबल्यावर त्या फाकतात.

टर्नबकल (तार ताणायचा आटेवाला फिरता जोड) आवळताना मधल्या तारेपासून सुरुवात, मग एक वरची, एक खालची. मी माझ्या घरी वरून खाली आवळत गेलो. शेवटची घट्ट झाली तोवर पहिली सैल! वडील जन्मभर यंत्रमागावर होते, ताण्याकडं बघून नुसतं हसले.

हातधरणी मात्र लाकडाचीच ठेवा. मे महिन्यात दुपारी स्टीलच्या पाइपला हात लावून बघा म्हणजे कळेल. वर्षातून एकदा जवसाचं तेल पाजा.

घरात लहान मूल आहे का, ते लिहिलं नाहीत. असेल तर तारा उभ्याच घ्या, आडव्या म्हणजे त्याला शिडीच.