वाचकांचे प्रश्न : पंचेचाळीस हजारांत अभ्यास आणि तासभर खेळ

प्रश्न : माझा मुलगा पॉलिटेक्निकला कॉम्प्युटरच्या दुसऱ्या वर्षाला आहे. आतापर्यंत कॉलेजच्या लॅबवर भागलं, आता स्वतःचा लॅपटॉप लागणार. बजेट ४५ हजार, अगदी ताणून ४८. अभ्यास झाला की मित्रांबरोबर तासभर व्हॅलोरंट नाहीतर माइनक्राफ्ट खेळतो, त्यासाठी सध्या कॅफेत जातो. दुकानदाराने तीन लॅपटॉप दाखवले. पहिला रायझन ५ ७५२०यू, १६ जीबी रॅम, ३९ हजार. दुसरा रायझन ५ ७५३०यू, ८ जीबी, ४१ हजार. तिसरा इंटेल आय५-१३३५यू, ८ जीबी, ४७ हजार. दुकानदार म्हणतो पहिला घ्या, रॅम दुप्पट आणि वर स्वस्त. मुलगा म्हणतो ग्राफिक्स कार्ड नसेल तर घेऊच नका, आणि तसले लॅपटॉप साठ हजारांच्या पुढे सांगतात. मला यातलं फार कळत नाही. कुणाचं ऐकू?
एक आई, बार्शी

उत्तर : ताई, तिघांतला दुसरा घ्या आणि घेतानाच त्यात आणखी ८ जीबी रॅम बसवून घ्या. दुकानदाराचं ऐकू नका, आणि या वेळी मुलाचंही नको. का, ते नीट सांगते, म्हणजे दुकानात तुम्हालाच बोलता येईल.

पहिल्या आणि दुसऱ्या लॅपटॉपच्या चिपच्या, म्हणजे प्रोसेसरच्या, नावात एकाच आकड्याचा फरक आहे, ७५२० आणि ७५३०. दोन्हींवर ‘रायझन ५’ हेच चकचकीत लेबल असतं, त्यामुळे गिऱ्हाईक पुढचं वाचतच नाही. रायझन बनवणाऱ्या एएमडी कंपनीच्या या मालिकेत पहिला आकडा चिप कोणत्या वर्षीच्या यादीतली ते सांगतो. आतलं डिझाइन कोणत्या पिढीचं, हे मात्र तिसरा आकडा सांगतो. ७५२०मधला २ म्हणजे झेन २, हे डिझाइन २०१९चं. ७५३०मधला ३ म्हणजे झेन ३, ते २०२०चं. एका वर्षाने काय बिघडतं असं वाटेल, पण पहिल्यात कोअर, म्हणजे चिपमधले काम करणारे भाग, चार आहेत आणि दुसऱ्यात सहा. खेळाला जे खरं लागतं ते आतलं ग्राफिक्स, त्याची युनिट्स पहिल्यात दोन आणि दुसऱ्यात सात. पहिल्यातली दोन नव्या बनावटीची आहेत हे मान्य, पण सातांपुढे ती कमीच पडतात. अभ्यासाला पहिला चालेल, व्हॅलोरंटही सगळ्या सेटिंग खाली आणून चालेल. पण दोन हजार रुपये आणि वरच्या ८ जीबी रॅमचा खर्च वाचवायला इतकं सोडून देणं मला पटत नाही.

आणखी एक गोष्ट. ७५२०यू चिपला लागणारी रॅम मदरबोर्डवरच डकवलेली येते, ती पुढे वाढवता येत नाही. असे लॅपटॉप माझ्या दुरुस्तीच्या टेबलावर नेहमी येतात. मुलं म्हणतात, ‘मॅडम, आठची सोळा करून द्या’, आणि मागचं झाकण उघडलं की रॅमची खाच मुळात नसतेच. तुम्हाला निदान १६ जीबीवाला दाखवला. याच चिपचा ८ जीबीवाला तर कुणीच घेऊ नये असं माझं स्पष्ट मत आहे.

आता दुसऱ्यात रॅम का वाढवायची. वेगळं ग्राफिक्स कार्ड नसलेल्या लॅपटॉपमध्ये ग्राफिक्सला स्वतःची मेमरी नसते, ते रॅममधलाच वाटा घेतं. म्हणजे ८ जीबीतून थोडी ग्राफिक्सने घेतली, तीन-चार जीबी विंडोजने घेतली, ब्राउझर आणि मित्रांशी बोलायचं डिस्कॉर्ड अॅप उघडं राहिलं, की खेळाला उरतं किती? पण जागेपेक्षाही वेगाचा मुद्दा मोठा आहे. रॅमची एकच पट्टी असेल तर सगळी ये-जा एका वाटेने होते, दोन असतील तर दोन वाटा उघडतात. एका नळाने टाकी भरणं आणि दोन नळांनी भरणं, इतकं ते साधं आहे. बाकी काहीही न बदलता फक्त दुसरी पट्टी लावल्यावर काही खेळांत सेकंदाला दिसणाऱ्या फ्रेम, म्हणजे चित्रं, तिसऱ्या हिश्श्याहून जास्त वाढतात. माझ्याकडे ‘गेम अडकतो’ म्हणून येणाऱ्या कितीतरी लॅपटॉपचं औषध एवढंच असतं.

म्हणून दुकानात एक काम करा. लॅपटॉप चालू करायला लावा आणि कंट्रोल, शिफ्ट, एस्केप ही तीन बटणं एकत्र दाबा. टास्क मॅनेजर उघडेल. त्यात परफॉर्मन्स, मग मेमरी. उजवीकडे खाली ‘स्लॉट्स यूज्ड’ अशी ओळ असते. तिथे ‘२पैकी १’ दिसलं तर एक जागा मोकळी आहे असं समजा. काही मॉडेलमध्ये ८ जीबी बोर्डवर डकवलेली असते आणि शेजारी एक मोकळी खाच असते, तेही चालेल. एकही खाच मोकळी नसेल तर तो नग ठेवून द्या आणि याच चिपचं दुसरं मॉडेल मागा. तिथेच खाली जीपीयूवर क्लिक केलं की ग्राफिक्सचं नाव दिसतं, ते मोबाइलमध्ये फोटो काढून ठेवा.

रॅमचे भाव २०२५च्या अखेरीपासून बरेच चढले आहेत आणि आठवड्याला बदलतात, म्हणून लॅपटॉपची किंमत ठरवतानाच पट्टीचीही ठरवा. दुकानदाराला दोन्ही मिळून एक आकडा विचारा. पट्टी डीडीआर४, ३२०० वेगाचीच हवी. बसवल्याने वॉरंटीला बाध येणार नाही ना, हे आधी विचारून घ्या आणि बिलावर पट्टीची वेगळी ओळ मागा.

तिसरा, इंटेलवाला, वाईट नाही. त्यातलं आयरिस एक्सई ग्राफिक्स रायझनच्या जवळपासचं आहे. पण तुम्हाला दाखवलेल्यात ८ जीबीची एकच पट्टी असण्याचा संभव जास्त, आणि इथे नुसती गंमत नाही, चक्क तोटा आहे: एकाच पट्टीवर तेच ग्राफिक्स विंडोजमध्ये ‘आयरिस एक्सई’ असं न दिसता नुसतं ‘यूएचडी’ म्हणून दिसतं आणि तशाच कमी ताकदीने चालतं. दुसरी पट्टी लावली की नाव बदलतं. ४७ हजारांवर पट्टीचा खर्च म्हणजे तुमचं बजेट गेलंच. दुकानदार कदाचित आय५-१२४५०एच किंवा १३४२०एच असं काहीतरी ‘एच म्हणजे दमदार’ म्हणून दाखवेल. प्रोसेसर खरंच दमदार आहेत, पण त्यांतलं अंगचं ग्राफिक्स १३३५यूपेक्षा लहान आहे. वेगळं कार्ड सोबत असेल तरच त्यांना खेळासाठी अर्थ. उलट रायझन ५ ७५३५एचएस किंवा ७५३५यू पन्नासच्या आत मिळाला तर मागेपुढे बघू नका, त्याचं रेडिऑन ६६०एम ग्राफिक्स या सगळ्यांत उजवं आहे.

आता मुलाच्या ग्राफिक्स कार्डाच्या हट्टाबद्दल. त्याचं म्हणणं चूक नाही, फक्त त्याच्या खेळांना ते लागू नाही. व्हॅलोरंट मुद्दाम साध्या मशीनवर चालावा असाच बनवलेला आहे. कंपनीने किमान गरजेत इंटेल एचडी ४००० हे २०१२चं अंगचं ग्राफिक्स लिहिलं आहे. तुमचा ७५३०यू त्याच्या कितीतरी पुढे आहे, दोन पट्ट्यांवर कमी सेटिंगला तो साठ फ्रेमच्या वर राहतो, आणि या किमतीतल्या स्क्रीन बहुधा ६० हर्ट्झच्याच, म्हणजे सेकंदाला साठच फ्रेम दाखवणाऱ्या, असतात. माइनक्राफ्टच्या जावा आवृत्तीत ‘सोडियम’ नावाचा फुकटचा मॉड, म्हणजे खेळाला जोडायची भर, घालायला सांगा, फरक लगेच जाणवेल. प्रकाश-सावल्या चकाकवणारे शेडर पॅक मात्र या लॅपटॉपवर नकोत. उद्या तो काउंटर-स्ट्राइक २ म्हणू लागला तर सांगते, तो खेळ जुन्या काउंटर-स्ट्राइकपेक्षा बराच जड आहे आणि डिस्कवर ८० जीबीच्या वर जागा खातो. म्हणून एसएसडी, म्हणजे साठवणुकीची डिस्क, ५१२ जीबीची घ्या, २५६वर अडकू नका.

एवढं सांगून मुलाला एक प्रश्न विचारा: पुढच्या तीन वर्षांत तू खरंच कोणते खेळ खेळणार? यादीत मोठे, नवे खेळ असतील तर साठ हजार जमेपर्यंत थांबणं योग्य. नसतील तर कार्डवाल्या लॅपटॉपचा जड चार्जर आणि लवकर उतरणारी बॅटरी रोज कॉलेजला वाहून नेण्यात अर्थ नाही.

खेळ अडकतो तेव्हा दर वेळी दोष लॅपटॉपचा नसतो. व्हॅलोरंटचा सर्व्हर मुंबईत आहे, बार्शीहून चांगल्या फायबरवर पिंग, म्हणजे सर्व्हरपर्यंत जाऊन यायला लागणारा वेळ, वीस ते चाळीस मिलीसेकंदांत यायला हवा. मित्रांनी माइनक्राफ्टचा सर्व्हर सिंगापूरचा भाड्याने घेतला असेल तर कितीही भारी लॅपटॉप आणला तरी पिंग साठच्या खाली येणं अवघड, कारण मुंबई ते सिंगापूर सरळ रेषेत सुमारे ३,९०० किलोमीटर आहे आणि फायबरमधून प्रकाशाला जाऊन यायलाच चाळीसेक मिलीसेकंद लागतात. त्यामुळे मोठ्या स्पीडचा प्लॅन घेऊन पैसे घालवू नका, ३० एमबीपीएस पुरतो. त्याऐवजी राउटरपासून लॅपटॉपपर्यंत लॅनची वायर ओढा. लॅपटॉपला लॅनचं भोक आहे का ते बघा, बारीक मॉडेलना नसतं. तेव्हा यूएसबीचा लॅन अडॅप्टर घ्या, काही शे रुपयांत येतो. वायर शक्यच नसेल तर वायफाय ५ गिगाहर्ट्झवर जोडा.

आणि उन्हाळा. तुमच्याकडे एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीच्या वर जातो. लॅपटॉप हवा खालून ओढतो. गादीवर, गोधडीवर ठेवून खेळलं की जाळी बंद होते, चिप तापते आणि स्वतःला वाचवायला वेग कमी करते. मुलगा म्हणणार, ‘पहिली दहा मिनिटं छान, मग अडकतो.’ त्याचं कारण हेच. टेबलावर ठेवा, मागची बाजू बोटभर उचलली तरी फरक पडतो. खेळताना चार्जर लावलेलाच हवा, बॅटरीवर लॅपटॉप ताकद आखडतो. वर्षातून एकदा पंखा साफ करून घ्या.

खर्चाचं शेवटचं: व्हॅलोरंट फुकट आहे, माइनक्राफ्ट एकदा विकत घ्यावा लागतो. व्हॅलोरंटमध्ये बंदुकांच्या रंगीत स्किन विकत मिळतात, त्याने खेळ सुधारत नाही. तुमचं कार्ड त्याच्या खात्यावर जतन करून ठेवू नका. आणि कॅफेतून तो घरच्या टेबलावर येतोय, हे मला तरी चांगलंच वाटतं.

प्रश्न : रेल्वेतून निवृत्त झालो. नातवाशी आणि इतरांशी ऑनलाइन बुद्धिबळ खेळायला एक रिफर्बिश्ड लॅपटॉप बघितलाय, आय५-७२००यू, ८ जीबी, १७ हजार. घेऊ का?
एक वाचक, भुसावळ

उत्तर : काका, हा नको. इंटेलच्या नावात ‘आय५’नंतरचा ७ म्हणजे सातवी पिढी. विंडोज ११ अधिकृतपणे आठव्या पिढीपासून पुढे चालतं, आणि विंडोज १०चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ला संपला. बँकेचं कामही त्याच लॅपटॉपवर करणार असाल तर हे दुर्लक्ष करण्यासारखं नाही. आय५-८२५०यू किंवा त्यापुढचा मागा. तुमच्या किमतीत हजार-दोन हजार वाढवून मिळायला हरकत नाही. बुद्धिबळाला स्वतःला काहीच लागत नाही. लिचेस ही बुद्धिबळाची साइट आहे, ती ब्राउझरमध्ये चालते, फुकट आहे, जाहिराती नाहीत.

बॅटरी मात्र तपासा. दुकानदाराला विंडोजचा बॅटरी रिपोर्ट काढून दाखवायला सांगा. त्यात ‘डिझाइन कपॅसिटी’ आणि ‘फुल चार्ज कपॅसिटी’ असे दोन आकडे येतात. दुसरा पहिल्याच्या सत्तर टक्क्यांखाली असेल तर नव्या बॅटरीचे पैसे किमतीतून कमी करून मागा. बिजागरी दोन-तीनदा उघडझाप करून बघा, कचकच आवाज आला तर दुसरा नग काढायला लावा.

प्रश्न : ४० हजारांच्या लॅपटॉपवर बीजीएमआय चालेल का? फोन गरम होतो म्हणून विचारते.
बारावीची विद्यार्थिनी, लातूर

उत्तर : बीजीएमआय, म्हणजे पबजी मोबाइलची भारतातली आवृत्ती, हा फोनचाच खेळ आहे, त्याची लॅपटॉपसाठी अधिकृत आवृत्ती नाही. एम्युलेटरवर, म्हणजे संगणकावर फोनचे अॅप चालवणाऱ्या प्रोग्रामवर, खेळायच्या भानगडीत पडू नकोस, खातं बंद होण्याचा धोका आहे. संगणकावरचा पबजी वेगळा खेळ आहे. तो जानेवारी २०२२पासून फुकट आहे, पण त्याला किमान जीटीएक्स ९६० या दर्जाचं वेगळं ग्राफिक्स कार्ड लागतं, ४० हजारांच्या नव्या लॅपटॉपमध्ये ते मिळत नाही. फक्त या खेळासाठी लॅपटॉप घेऊ नकोस. खेळताना फोनचं कव्हर काढ, चार्जिंगला लावून खेळू नकोस, फ्रेम रेट एक पायरी खाली आण. बारावीनंतर कोणत्या शाखेला जाणार ते ठरलं की मग कळव, त्या अभ्यासाला काय लागतं ते बघून लॅपटॉप सुचवेन.