वजनकाट्याआधी शाळेचे फाटक

प्रिय विद्यार्थिनीस,
अनेक आशीर्वाद.

शाळांमधील आरोग्यतपासणीचे काम हाती घेताच तू लठ्ठ मुलांची यादी केलीस आणि त्यांच्या पालकांना बोलावणे धाडलेस, हे तुझ्या पत्रातून कळले. तुझी तळमळ खरी आहे. तरीही ती यादी तूर्त कपाटात ठेव.

बालरोगतज्ज्ञ म्हणून नवी असताना मी नऊ वर्षांच्या एका मुलीच्या आईला मुलीदेखतच ‘हिचे खाणे आवरा’ असे सुनावले होते. आई गप्प राहिली. मुलगी मात्र फ्रॉकचा घेर मुठीत धरून, पोट आत ओढून उभी राहिली, आणि त्या दोघी पुन्हा कधी आल्या नाहीत. पुढे त्यांच्या सोसायटीत जाण्याचा योग आला, तेव्हा त्या मुलीचा दिवस मला दिसला. साडेपाचला शाळा सुटे, सहाला शिकवणी असे, मधल्या अर्ध्या तासात आजोबा फाटकाजवळच्या टपरीवरून वेफर्सचे पाकीट आणि थंड पेयाची बाटली घेऊन देत, कारण नातीचे लाड करण्याची त्यांना तेवढीच संधी मिळे. सोसायटीच्या अंगणात गाड्या उभ्या होत्या आणि भिंतीवर ‘चेंडू खेळण्यास सक्त मनाई’ अशी पाटी होती. तीनशे मिलिलिटरच्या अशा पेयात साधारण सहा-सात चमचे साखर असते. ती साखर पोटात गेल्यावर मुलीने धावायचे कोठे, याचा विचार कोणीच केला नव्हता, आणि दोष मात्र आईच्या पदरात टाकून मी मोकळी झाले होते.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार देशातील पाच वर्षांखालील अतिवजनी मुलांचे प्रमाण २०१५-१६ मध्ये २.१ टक्के होते, ते २०१९-२१ मध्ये ३.४ टक्के झाले. पण त्याच पाहणीत ३५.५ टक्के मुले वयाच्या मानाने खुजी आढळली. एकाच गल्लीत दोन्ही प्रकारची मुले राहत असताना ‘कमी खा’ हा निरोप घरोघर देणे धोक्याचे आहे. वर्गासमोर वजन मोठ्याने वाचून दाखवणे तर आजच बंद कर.

त्याऐवजी शाळा सुटण्याच्या वेळी फाटकापाशी उभी राहा. २०२० च्या अन्नसुरक्षा विनियमांनुसार, जास्त मेद, मीठ किंवा साखर असलेले पदार्थ शाळेच्या आवारात आणि फाटकापासून ५० मीटरच्या आत विद्यार्थ्यांना विकता येत नाहीत. परंतु हा नियम दाखवून गाडीवाल्याला हुसकावू नकोस. त्याचेही पोट त्या गाडीवरच आहे. उकडलेले चणे, शेंगा, पेरू, काकडी ठेवून त्याचा धंदा कसा चालेल, हे त्याच्याशी बसून ठरव आणि शाळा व्यवस्थापन समितीतील पालकांनाही त्या बोलण्यात घे. आजी-आजोबांना वेगळे बोलाव. त्यांचे लाड थांबवू नकोस, नातवंडांना मैदानावर घेऊन जाण्याचे काम त्यांच्याकडे सोपव.

सर्वांत जास्त जोर मैदानावर लाव. पाच ते सतरा वर्षांच्या मुलांना रोज सरासरी किमान ६० मिनिटे दमवणारी हालचाल हवी, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते, आणि आपल्याकडे शाळा सुटताच मैदानाला कुलूप लागते.

पुढच्या पत्रात फाटकाबाहेर काय काय विकले जाते आणि त्या कुलपाची किल्ली कोणाकडे असते, एवढे मला कळव.